रावस नव्हे तो!

लेक सिएटलला राहते. फोनवर म्हणायची, "आई, इकडे रावस मिळतो की!" आपल्याकडे हॉटेलच्या मेन्यूवर रावसापुढे 'इंडियन सॅमन' लिहितात, म्हणून मीही मान डोलवली. ती म्हणत होती तो तिकडचा सॅमन. रावसाचं नि त्याचं दूरचंही नातं नाही, हे तिकडे गेल्यावर कळलं.

२०२३ चा ऑगस्ट. तिने मला आधी सिएटलमधल्याच बॅलर्ड भागात नेलं. समुद्र आणि आतल्या तळ्यांमध्ये बोटींची ये-जा व्हावी म्हणून १९१७ मध्ये सुरू झालेले लॉक्स, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणारे कप्पे, आहेत तिथे. बाजूला माशांना वर चढायला २१ पायऱ्यांची पाण्याची शिडी. खाली उतरलं की जाड काच, आणि काचेपलीकडे हातभर लांबीचे चिनूक जातीचे सॅमन. पाण्याचा लोंढा अंगावर घेत एकाच जागी शेपटी हलवत उभे. एकाच्या पाठीवर कुणाच्या तरी दातांचे ताजे ओरखडे होते, बहुतेक सीलचे. वर जाऊन अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच आता त्यांचं उरलेलं. शेजारचे लोक हळहळत होते. मला भूक लागली. कोकणातलं माणूस, काय करणार!

मग पाइक प्लेस मार्केट, १९०७ पासूनचं. मासे हवेत फेकून झेलायचा तमाशा मला दोन मिनिटं पुरला, मी कल्ले नि डोळे बघत फिरले. एका विक्रेत्याने पाच बोटांवर सॅमनच्या पाच जाती शिकवल्या: अंगठा चम, डोळ्यात घालायचं ते सॉकाय, सगळ्यांत मोठं ते किंग म्हणजेच चिनूक, अंगठीचं सिल्व्हर म्हणजे कोहो, करंगळी पिंक. पिंक या भागात विषम सालीच भरभरून येतो, कारण त्याचं आयुष्यच दोन वर्षांचं. आम्ही नेमके विषम साली गेलेलो. मऊ, स्वस्त मासा. त्याची कटलेटं झकास झाली.

फजिती सॉकायने केली. जवळ्यासारखे बारीक जीव खाऊन त्याचं मांस लालभडक होतं. त्या रंगाला भुलून मी हळद, तिखट, आगळ लावलं, रव्यात घोळवलं आणि सुरमईसारखं निवांत भाजत बसले. तुकड्यांतून पांढरा साका बाहेर आला नि मासा कोरडा ठक्क. हा आत जरा ओलसर असतानाच उतरवायचा, हे जावयाने नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

किंग त्यांनीच केला. भिजवलेल्या देवदाराच्या फळीवर, फक्त मीठ-लिंबू, ग्रिलचं झाकण लावून. इतका तेलकट की मसाल्याची गरजच नाही. नारळाच्या कालवणाला मात्र कोहो. तेल बेताचं, तुकडा मोडत नाही. सुरमईच्या जवळ जाणारा हाच, असं माझं मत.

राहिला चम. मांस फिकं, चरबी कमी, म्हणून त्याला तिकडे फारसा मान नाही. पण गाबोळी! जपानी दुकानातून लेकीने बाटली आणली, आत साबुदाण्यापेक्षा मोठे केशरी मणी. मी सवयीने तवा तापत ठेवला. "आई, तळायची नाही!" म्हणत तिने हात धरला. गरम भातावर चमचाभर घातली. दाताखाली एकेक मणी फुटला की खारं, गोडसर तेल जिभेवर पसरायचं. दुसऱ्यांदा भात मीच वाढून घेतला.