लस घेतलीत ना, मग मास्क कशाला?

हा प्रश्न मला ठाण्याच्या नौपाड्यातली भाजीवाली विचारते, सोसायटीतले नाना विचारतात, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. मी बहुतेकदा ‘धुळीचा त्रास आहे’ म्हणून सुटतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला ते लगेच पटतं.

खरं उत्तर जरा लांबचं आहे. २०१६ साली आईने मला तिची एक किडनी दिली. आईची असली तरी माझ्या शरीराच्या लेखी ती परकीच. शरीराने तिच्यावर धावून जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड अशा तीन गोळ्या रोज, घड्याळ लावून. सोसायटीत नोंद न करता पाहुणा ठेवायचा तर वॉचमनला डुलक्या घेऊ द्याव्या लागतात, तसंच हे. आणि लस म्हणजे त्याच वॉचमनला चोराचा फोटो दाखवणं. तो मान डोलावतो. लक्षात किती राहिलं, देव जाणे.

मार्च २०२१मध्ये साठीपुढच्यांना आणि पंचेचाळिशीपुढच्या आजारी माणसांना लस खुली झाली. आई आणि मी एकाच रांगेत उभे राहून कोविशील्ड घेतली. आईला रात्री ताप भरला, मला काहीच झालं नाही. मी खूश! (ताप आला नाही म्हणजे लस लागू पडली नाही, असंही नसतं बरं का.) दुसऱ्या डोसनंतर महिन्याने दोघांनी अँटीबॉडी तपासल्या. आईचा आकडा भरघोस, माझ्या कागदावर ‘निगेटिव्ह’. आई माझा कागद उलटसुलट करून बघत राहिली आणि म्हणाली, ‘माझी किडनी आहे ना तुझ्यात, मग तिचं काहीच कसं नाही आलं?’

तसं होत नाही, आई. किडनी अँटीबॉडी बनवत नाही.

नंतर वाचलं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अवयव प्रत्यारोपण झालेले ६५८ जण तपासले होते. एमआरएनए (फायझर-मॉडर्नासारख्या) लशीच्या दोन डोसांनंतरही ५४ टक्क्यांच्याच रक्तात अँटीबॉडी सापडल्या, आणि मायकोफेनोलेटच्या जातीची गोळी घेणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणजे मी काही जगावेगळा नव्हतो. फ्रान्समध्ये प्रत्यारोपण झालेल्या १०१ जणांना तिसरा डोस दिला तेव्हा अँटीबॉडी असलेल्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. माझा तिसरा डोस एप्रिल २०२२चा, सगळ्या प्रौढांना खुला झाला तेव्हाचा. त्यानंतर माझ्याही कागदावर आकडा उमटला. बारका, पण उमटला.

डॉक्टरांनी त्यावर फार नाचू दिलं नाही. अँटीबॉडी हे संरक्षणाचं एक अंग. टी पेशीही (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) लढतात आणि त्या या तपासणीत दिसत नाहीत. म्हणून ‘निगेटिव्ह’ आलं की लस फुकट गेली असं नाही, आणि आकडा आला की स्टेशनवर मोकळं फिरायची परवानगी मिळाली असंही नाही.

खरं तर हा धडा मला डायलिसिसवर असतानाच मिळाला होता. हेपटायटिस बीची लस निरोगी माणसाला तीन वेळा. आम्हाला दुप्पट मात्रा, चार वेळा, आणि वर टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, १०च्या पुढे गेलं का ते तपासायचं. माझं गेलं नाही. सगळा कोर्स पुन्हा! दोन्ही दंडांवर सुया घेत मी नर्सला म्हणालो, ‘सिस्टर, शाळेतसुद्धा कधी नापास झालो नव्हतो.’

बरं, प्रतिकारशक्ती कमी असलेले सगळे एका माळेचे मणी नसतात. एचआयव्हीचा रुग्ण नियमित औषधांवर असेल आणि त्याच्या सीडी४ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) चांगल्या असतील, तर लस त्याला बऱ्यापैकी लागू पडते. रिटुक्सिमॅब नावाचं औषध घेतलेल्याच्या, अँटीबॉडीसाठी लागणाऱ्या बी पेशीच काही महिने गायब असतात, मग अँटीबॉडी बनवणार कोण? माझ्या एका वहिनींना संधिवात आहे. त्यांना डॉक्टरांनी फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी थांबवायला सांगितलं. मी लशीसाठी माझ्या गोळ्या थांबवल्या तर किडनीच जायची. त्यामुळे ‘अमुक अमुकने गोळी बंद केली’ हे व्हॉट्सॲपवर वाचून स्वतःच्या मनाने काही करू नका.

जिवंत जंतूंच्या लशी मला बंद. गोवर, कांजिण्या, नाकात फवारायची फ्लूची लस, सगळ्या. घरच्यांनी मात्र गोवर-कांजिण्यांच्या जरूर घ्याव्यात. फक्त पोलिओचे थेंब वेगळे. त्यांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून पोलिओ रविवारी पुतणीची छकुली करंगळीवरची शाई दाखवायला आली की मी तिला लांबूनच शाबासकी देतो, आणि तिचं डायपर बदलणं महिनाभर माझ्याकडे नसतं. या नियमाबद्दल मी वैद्यकशास्त्राचा आजन्म ऋणी आहे.

थोडक्यात, माझ्या लशीपेक्षा भाऊ, वहिनी, आई दरवर्षी घेतात त्या फ्लूच्या लशीवर माझी भिस्त जास्त. उरलेलं काम मास्क करतो. पण पहाटे सहाला उपवन तलावाच्या काठी गर्दी नसते, तेव्हा तो माझ्या खिशात असतो. तिथे भेटलात तर तुम्हीच हाक मारा. तुम्ही मला निम्मंच पाहिलेलं आहे, ओळखायला वेळ लागेल.