जास्त निळी नळी

"मॅडम, उलटं झालंय."

ओट्यावर दोन परीक्षानळ्या उभ्या होत्या. डावीकडची फिकट निळी, उजवीकडची शाईसारखी गडद. डावीकडं शेताच्या चरातलं पाणी, उजवीकडं तेच पाणी आमच्या गाळणीत तीन दिवस मुरून बाहेर आलेलं. या चाचणीत निळा रंग जितका गडद, तितकं फॉस्फेट जास्त. जे खत पाण्यातून काढायला आम्ही महिनाभर राबलो, ते गाळणीनं काढलं तर नव्हतंच, वर आणखी घातलं होतं.

शनिवारची सकाळची शाळा होती. सप्टेंबर संपत आलेला, रात्रभर परतीच्या पावसानं झोडपलेलं. जिल्ह्याची बाल विज्ञान परिषद दारात आलेली. आणि नववीतली ती दोघं, एक मुलगी आणि एक मुलगा, नळ्यांकडं बघत गप्प उभी.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी या तालुक्याला लागतं, त्यामुळं इथं जिकडं बघावं तिकडं ऊस. उन्हाळ्यात पंचगंगेवर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, दाटतं, नदी आहे की हिरवं रान ते कळत नाही. याच मुलीनं जूनमध्ये वर्गात विचारलं होतं, "मॅडम, केंदाळाला खत कोण घालतं?"

कारखान्यांचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं नाव सगळे घेतात, ते बरोबरच आहे. पण उसाच्या सरीतून वाहून जाणाऱ्या खताचं नाव कुणी घेत नाही, कारण ते घ्यायचं तर आपल्याच घराचं घ्यावं लागतं. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन. युरियात नत्र ४६ टक्के, पोतं ४५ किलोचं. नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तर हेक्टरी एकोणीस-वीस पोती झाली. तीही हप्त्याहप्त्यानं, मातीआड द्यायची असतात. प्रत्यक्षात आभाळ भरून आलं की माणूस पाटी घेऊन रानात शिरतो आणि युरिया विस्कटतो, पाऊस आपोआप जिरवेल म्हणून. पाऊस जिरवतोही आणि घेऊनही जातो.

तिचा तो प्रश्नच आम्ही प्रकल्पाचं नाव म्हणून ठेवला. शाळेच्या मागं दोनशे लिटरचं निळं बॅरल उभं चिरून त्याची दोन टोपली केली. तळाला खडी, वर वाळू, वाळूवर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, कोळसा आणि त्यात वाळ्याची आणि कर्दळीची रोपं. कोळशाची कल्पना मुलाची. पाचट नुसतं जाळून टाकण्यापेक्षा खड्ड्यात झाकून जाळलं तर कोळसा मिळतो आणि कोळसा घाण धरतो, हे त्यानं पाण्याच्या फिल्टरवर वाचलं होतं. मला ती कल्पना इतकी आवडली की मी पुढचा विचारच केला नाही.

जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी अमोनियम मॉलिब्डेटचं आम्लातलं द्रावण आणि स्टॅनस क्लोराइड दिलं होतं. आम्लाची बाटली मीच हाताळायची, मुलांनी थेंब मोजायचे आणि घड्याळ लावायचं. पाणी आधी गाळणकागदातून काढायचं, नाहीतर मातीचा रंग घोटाळा करतो. सगळं नीट केलं होतं. तिसऱ्यांदा केलं, तरीही उजवीकडची नळी गडदच.

नायट्रेटच्या पट्ट्यांनी मात्र सुख दिलं. आत जाताना पट्टी चांगली गुलाबी, बाहेर येताना फिकी. खालच्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या थरातले जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन हवेत सोडतात. पुस्तकात एका ओळीत उरकलेली ही गोष्ट आमच्या बॅरलमध्ये खरंच घडताना दिसत होती. पण मुलांचं लक्ष निळ्यावरच.

"पट्ट्या बदलूया का?" मुलगा हळूच म्हणाला. पट्ट्या म्हणजे नळ्यांना चिकटवलेली नावं. आत आणि बाहेर. नुसती अदलाबदल केली की प्रकल्प यशस्वी.

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "नको. मी आहे तसं लिहितो." आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, लिहितो, जातो, येतो. तिनं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि खाली वेळ टाकली. ८ वाजून ५० मिनिटं.

मधल्या सुट्टीत मी एका वरिष्ठांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आकडे जरा बसवून घ्या. इतक्या लांब मुलांना न्यायचं ते रिकाम्या हातानं आणायला का?" त्यांना मुलांचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी मला फार लागलं ते. नववीच्या वर्षात मूल पहिल्यांदा स्वतः काहीतरी मोजतं, आणि त्याच वेळी त्याला सांगायचं की मोजलेलं पुसून टाक? मी नाही म्हणाले. आवाज थोडा चढलाच माझा.

परत आले तर दोघं बॅरलपाशी उकिडवी बसलेली. मुलीनं कोळशाचा एक तुकडा बोटांत चुरला होता आणि पांढुरकी झालेली बोटं बघत होती.

"मॅडम, आमची आजी चुलीतली राख वांग्याच्या रोपांना घालते. राखंत काय तरी असल्याबिगर घालंल का?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. झाकून जाळताना आमचा खड्डा एका बाजूनं उघडा राहिला होता, कोळशात बरीच राख आली होती. ऊस जमिनीतून फॉस्फरस घेतो. पाला जळाला की त्यातला नायट्रोजन धुरावाटे जातो, पण फॉस्फरस आणि पालाश राखेतच राहतात. आम्ही गाळणीत खतच भरलं होतं.

वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, म्हणून लगेच पाणी धरलं. पन्हाळीखालच्या बादलीत रात्रीचं पावसाचं पाणी होतं, त्याला खताचा संबंधच नाही. तीन प्लास्टिकच्या बाटल्यांचे बूड कापून उलट्या टांगल्या. एकीत नुसती वाळू, एकीत नुसता कोळसा, एकीत तोच कोळसा पण सात वेळा धुतलेला. तिन्हींतून तेच पावसाचं पाणी सोडलं आणि थेंब मोजले. वाळूची नळी जवळपास पांढरी राहिली, कोळशाची निळीभोर. धुतलेल्या कोळशाची मधली, पण निळीच.

मुलगा ओरडला, "सापडला चोर!" आणि ज्यानं तासाभरापूर्वी नावं बदलायचं सुचवलं होतं, त्यानंच तिन्ही नळ्या खिडकीत धरून फोटो काढले.

मला माझ्या माहेरची माती आठवली. रत्नागिरीकडच्या तांबड्या जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कितीही घाला, लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात, पिकाला मिळू देत नाहीत. शेतकऱ्याचं तिथलं दुखणं इथं आमच्या कामाचं होतं. पन्हाळ्याच्या बाजूला जांभा दगड मिळतो, तो फोडून कोळशाच्या जागी घालायचा असं ठरलं. पुढं तो घातलाही, आणि पंधरा दिवसांनी बाहेरची नळी आतल्या नळीपेक्षा फिकी आली. पण त्या शनिवारी आणखी एक गोष्ट व्हायची होती आणि माझ्या मनात घर करून राहिली आहे ती तीच.

शाळा सुटल्यावर आम्ही मुलीच्या रानात गेलो. ताजं पाणी घ्यायचं होतं. शिरोळात पुष्कळ जमिनी पाणी तुंबून क्षारपड झाल्या, तशी त्यांचीही झाली होती. म्हणून तिच्या वडिलांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून घेतलेत. खालचं खारं पाणी त्यातून निचरून ओढ्यात जातं. चरात वरून वाहत आलेलं पाणी गढूळ, चहासारखं. पाइपच्या तोंडातून पडणारं मात्र काचेसारखं नितळ. मुलानं ओंजळ पुढं केली, सवयीनं. मी हात धरला.

दोन्हींत पट्ट्या बुडवल्या. एक मिनिट थांबलो. चहासारख्या पाण्याची पट्टी फिकट गुलाबी. नितळ पाण्याची पट्टी डब्यावरच्या १०० च्या चौकटीला जाऊन भिडली. लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार मर्यादा ४५.

यात नवल नाही, पण डोळ्यांना पटत नाही. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही. माती त्याला धरत नाही, ते पाण्याबरोबर खाली उतरतं आणि पाइपवाटे निघतं. फॉस्फेट मातीला चिकटून गढूळ पाण्याबरोबर जातं. घाण दिसणारं पाणी एक खत नेतं, स्वच्छ दिसणारं दुसरं.

मुलीनं घरून बादली आणली. दहा लिटर भरायला वीस सेकंद. बांधावर बसून दोघांनी वहीत गणित मांडलं. दिवसाला ४३,२०० लिटर. त्यात नायट्रेट चार किलोच्या वर. त्यातलं नत्र जेमतेम एक किलो. म्हणजे दिवसाला दोन किलोहून थोडा जास्त युरिया या एका तोंडातून. असंच वाहत राहिलं तर एकवीस दिवसांत एक पोतं.

वडील मोटारसायकल लावून आले. मुलीनं वही पुढं केली. त्यांनी नीट वाचलं, मग विचारलं, "पैशात किती?"

२६६ रुपये ५० पैशांचं पोतं. दोन किलोहून थोड्या जास्त युरियाचे साडेबारा रुपये.

"दिसाला साडेबारा," ते म्हणाले. "मॅडम, एवढ्यासाठी बाया लावून खत मातीआड करायला परवडंल का सांगा. एका बाईचा रोज किती हाय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खत वाया जातंय म्हटलं की शेतकरी ऐकेल, असं मी मुलांना सांगत आले होते. तो हिशेब त्या बांधावरच कोसळला. पोतं इतकं स्वस्त आहे की ते वाहून गेल्याचं कुणाला दुखत नाही, आणि त्याबद्दल त्या माणसाला दोष द्यावा असं मला अजूनही वाटत नाही.

मुलगी म्हणाली, "पप्पा, पैशाचं ऱ्हाऊ दे. ४५ च्या वर प्यायचं न्हाई असं हाय. ह्ये शंभर हाय."

"आपण कुठं पितोय? आपल्याला नळ हाय."

आणि ते बोलता बोलता थांबले. पाइपच्या तोंडाशी, ओढ्याच्या काठाला, सपाट केलेली जागा होती. तीन दगडांच्या दोन चुली अजून तशाच होत्या, पावसानं धुतलेल्या.

"गेल्या साली ऊसतोडीची टोळी हितंच उतरलेली," ते म्हणाले. "बीडची. खोपी हितंच होत्या. लांबनं पाणी आणायला नको, म्हणून ह्येच भरत होती सगळी. मीच म्हटलेलो, ओढ्याचं भरू नका, पाइपाचं भरा, चांगलं हाय."

त्या टोळीत एका बाईजवळ दोन-तीन महिन्यांचं मूल होतं, हे मुलीला आठवत होतं. मी सांगितलं ते शक्य तितक्या सावकाश सांगितलं. तान्ह्या मुलाला दुधात असं पाणी गेलं तर नायट्रेटचं नायट्राइट होतं, रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, मूल निळं पडू शकतं. उकळून उपयोग नाही, उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं. त्या बाळाला काही झालं होतं असं कुणीच म्हणत नव्हतं. टोळी पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावाकडं गेली, एवढंच ठाऊक होतं.

ते बराच वेळ पाइपकडं बघत उभे राहिले. मग मुलीच्या हातातली पट्टी घेतली, डब्यावरच्या चौकटींना परत एकदा लावून बघितली आणि खिशात घातली.

दिवाळीनंतर टोळी आली. त्याआधीच त्यांनी घरच्या नळाला टी जोडून रानाच्या तोंडापर्यंत काळा पाइप ओढला होता. खोडव्याला यंदा पहारीनं भोकं पाडून खत द्यायचं असंही म्हणत होते. ते होईल तेव्हा खरं. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. खोपी नव्यानं उभ्या राहत होत्या, चिपाडं बांधायचं काम चाललेलं. मुलगी नव्या नळापाशी पट्टी धरून बसली होती आणि तिच्यामागं घागर घेतलेली एक बाई थांबलेली.

"काय बघायलीस गं त्यात?" बाईनं विचारलं.

"थांबा मावशी, एक मिनिट."

मिनिट झालं. तिनं पट्टी डब्याला लावली. दहा आणि पंचविसाच्या मधे कुठंतरी. तिनं ती मला दाखवली, वहीत आकडा आणि वेळ टाकली आणि नळाखालून बाजूला सरकली.

"भरा," ती म्हणाली.