पाणघोड्याचं पुढं काय झालं?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतला आमचा हा चौथा डिसेंबर. दुकानांत नाताळची गाणी सुरू झाली की त्यांत एक गाणे हटकून लागते. दहा वर्षांची एक मुलगी ठणठणीत, किंचित नाकातल्या आवाजात नाताळची भेट म्हणून पाणघोडा मागते. बाहुली नको, मगर नको, गेंडाही नको, तिला पाणघोडाच हवा असतो. तो तुला खाऊन टाकेल अशी भीती आई घालते, तेव्हा पाणघोडा शाकाहारी असतो असे आमच्या बाईंनी सांगितले आहे, हे तिचे उत्तर तयार असते. इतरत्र ते केवळ गमतीचे गाणे असेल, पण या शहरात त्याला जवळजवळ ग्रामगीताचा मान आहे, कारण गेला पीव्ही नावाची ती मुलगी इथलीच.

यंदा शाळेच्या कार्यक्रमात माझ्या मुलीच्या वर्गाच्या वाट्याला हेच गाणे आले. कागदी ताटलीला करडा रंग देऊन तिने मुखवटा केला, दातांच्या जागी दोन मार्शमेलो चिकटवले आणि त्यांतला एक त्याच रात्री खाऊन टाकला. त्या एकदाती पाणघोड्याचे छायाचित्र मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले आणि सोबत इथे सगळे सांगतात ती कथाही लिहिली: प्राणिसंग्रहालयाकडे पाणघोडा नव्हता, पैसे जमावेत म्हणून शहरातल्या एका मुलीकडून गाणे गाऊन घेतले आणि पाणघोडा आला. एवढ्यावर न थांबता, आपल्याकडे वर्गणी म्हटली की मांडव आणि कर्णेच डोळ्यांसमोर येतात, असा शेराही मारून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने, जो याच शहरात लहानाचा मोठा झाला आहे, ही कथा उलटी असल्याचे शांतपणे सांगितले. मला राग आला, आणि तो त्याच्यावर होता की स्वतःवर हे आजही सांगता येणार नाही. घरी येऊन मी रात्रभर वाचत बसले. गाणे जॉन रॉक्स यांनी लिहिले, 1953 साली कोलंबिया या कंपनीने त्याची ध्वनिमुद्रिका काढली आणि तिचा प्राणिसंग्रहालयाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या वर्षी गेला पीव्ही एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायली, गाणे बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि मग प्रसिद्धीचे काम जाणणाऱ्या एका स्थानिक माणसाच्या डोक्यात कल्पना आली की आपल्या गावच्या पोरीला खराच पाणघोडा मिळवून द्यावा. मुलांनी नाणी पाठवली, सुमारे तीन हजार डॉलर जमले आणि 24 डिसेंबरला मटिल्डा नावाची दीड वर्षांची मादी गेलाच्या स्वाधीन झाली. तिचे वजन 700 पौंड, म्हणजे तीनशे किलोंहून जास्त! गेलाने ती प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकली. हे गाणे निधीसाठी गायलेले नव्हते, हा खुलासा 2007 साली एका रेडिओ मुलाखतीत खुद्द गेलाबाईंनीच केला आहे. आयते मिळालेले श्रेय असे परत करणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो. मी तिच्या जागी असते तर गप्प बसले असते.

तरीही शहर जुनीच कथा सांगते. आधी मला ते खटकले. मग वाटले की मुलांनी खाऊचे पैसे दिले ते तर खोटे नाही, कल्पना जाहिरातबाजाची असली म्हणून काय झाले? शिवाय या प्राणिसंग्रहालयाकडे सांगण्याजोग्या सगळ्याच कथा गोड नाहीत. भारतातून आणलेला एक बिबट्या फेब्रुवारी 1950 मध्ये इथल्या खोल खड्ड्यातून उडी मारून पळाला, सारे शहर बंदुका घेऊन त्याच्या शोधात फिरले, आणि तो भुकेने आपणहून परत आला तेव्हा गुंगीचे औषध घातलेले मांस खाऊन मेला. त्याच्यावर कोणी नाताळचे गाणे म्हणत नाही.

ही दुरुस्त केलेली कथा मी रविवारी फोनवर आईला सांगितली. गाणे आधी की पैसे आधी, यात तिला रस नव्हता. तिने एवढेच विचारले, "आणि त्या पाणघोड्याचं पुढं काय झालं गं?"

इथे हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, आणि माझ्याही मनात तो आला नव्हता. साऱ्यांची कथा 24 डिसेंबरला संपते. मटिल्डा या शहरात 44 वर्षांहून अधिक काळ राहिली. ज्या मुलांनी नाणी दिली होती, त्यांनी आपल्या नातवंडांना ती दाखवली असेल. 1998 साली तिला फ्लोरिडातल्या डिस्नीच्या प्राणी उद्यानात हलवायचे ठरले, आणि त्या प्रवासातच ती दगावली.

आई बराच वेळ बोलली नाही. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे ती कशाचा विचार करत होती हे मला न सांगता कळले. जुलै 2025 मध्ये नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीला, म्हणजे आमच्या माधुरीला, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेले तेव्हा सारा जिल्हा रडला होता, आणि मी इथून रोज दहा संदेश पुढे पाठवत होते.

"म्हातारपणी कशाला हलवायचं?" आई म्हणाली.

"अगं, तिथं जागा मोठी, डॉक्टर चांगले, तिच्या भल्यासाठीच नेत असतील," मी म्हणाले.

"हेच तर टीव्हीवरचे माधुरीबद्दल सांगत होते. तेव्हा तू काय म्हणत होतीस?"

मी विषय बदलून मुखवट्याच्या दाताची गोष्ट काढली.

शुक्रवारी कार्यक्रम झाला. गाण्याआधी एका शिक्षिकेने ध्वनिक्षेपकावरून पालकांना मटिल्डाची कथा सांगितली, जुनीच, आधी निधी आणि मग गाणे, आणि ती नाताळच्या आदल्या दिवशीच थांबवली. पडदा सरकला, वीस-बावीस करडे पाणघोडे एका रांगेत उभे राहिले, त्यांत एकच एकदाती. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या.