ग्राफ शेवटी का वाकतो? : स्पेस-टाइम ट्रेलिस कोडबरोबरचे माझे काही महिने

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी स्पेस-टाइम ट्रेलिस कोड हा विषय घेतला, म्हणजे वायरलेस संदेश अनेक अँटेनांवरून असा पाठवायचा की वाटेत सिग्नल बिघडला तरी तो ओळखता यावा. पाठवणाऱ्या बाजूला दोन अँटेना, घेणाऱ्या बाजूला एक, आणि कोडिंग (चुका सुधारता याव्यात अशी बिटांची रचना) व मॉड्युलेशन (बिट रेडिओ लहरींवर बसवणं) दोन्ही एकत्रच रचलेलं. तारोख, शेषाद्री आणि कॅल्डरबँक यांचा १९९८ चा शोधनिबंध समोर होता. त्यातला सगळ्यात साधा, चार अवस्थांचा (अवस्था म्हणजे आधी काय पाठवलं याची कोडची आठवण) क्यूपीएसके कोड स्वतः लिहून चालवायचा, एवढंच पहिलं उद्दिष्ट. क्यूपीएसके म्हणजे लहरीच्या चार स्थितींपैकी एकीतून दोन बिट पाठवणारं मॉड्युलेशन.

हात बसावा म्हणून आधी अलामौतीची योजना केली, दोन अँटेनांसाठीची त्याहून सोपी पद्धत, तीही १९९८ चीच. दोन सिम्बॉल (बिटांच्या जोडीसाठी पाठवायचे संमिश्र आकडे) दोन अँटेनांवरून एकदम पाठवायचे. पुढच्या क्षणी अँटेनांची अदलाबदल करून त्यांचे संयुग्मी (काल्पनिक भागाचं चिन्ह बदललेले आकडे) पाठवायचे, एकाचं चिन्ह उलटं करून. सिग्नलची शक्ती वाढेल तशा चुका किती घटतात, याच्या ग्राफवर माझी रेषा थेट ‘एक अँटेना पाठवणारा, दोन घेणारे’ या रेषेवर जाऊन बसली. मला आनंद झाला. मार्गदर्शक मॅडमनी ग्राफ पाहून एकच विचारलं, “एकूण शक्ती किती पाठवतेस?” मी दोन्ही अँटेनांना पूर्ण शक्ती देत होते. ती निम्मी निम्मी केल्यावर रेषा ३ डेसिबल उजवीकडे सरकली, आणि तिची खरी जागा तीच होती. तेव्हापासून अपेक्षेपेक्षा चांगला निकाल आला की मी आधी शक्तीचा हिशोब तपासते.

खरी अडचण समजुतीत होती. अभ्यासक्रमात कोडिंगचा धडा वेगळा, मॉड्युलेशनचा वेगळा, त्यामुळे मला वाटायचं, चांगला कोड घ्यावा, त्याचे बिट क्यूपीएसकेवर बसवावेत आणि तोच सिम्बॉल दोन्ही अँटेनांवरून सोडावा. एका अँटेनाचा मार्ग फेडिंगमध्ये (वाटेत सिग्नल अचानक क्षीण होण्यात) बुडाला तर दुसरा आहेच! पण हवेत दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतात. असे यादृच्छिकपणे क्षीण होणारे मार्ग ‘रॅले’ म्हणून ओळखले जातात, आणि दोन रॅले मार्गांची बेरीज पुन्हा रॅलेच असते. दोन्ही मार्ग चांगले असूनही विरुद्ध कलेत (फेजमध्ये) येऊन एकमेकांना पुसू शकतात. शक्ती दोघांत निम्मी निम्मी विभागली असेल, तर दोन अँटेना लावून पदरात काहीच पडत नाही.

हे मला कागदावर सारणी मांडल्यावर पटलं. दोन वेगवेगळे संदेश घ्यायचे आणि प्रत्येक अँटेनावर, प्रत्येक क्षणी त्यांच्यात किती फरक पडतो ते लिहायचं. दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर सारणीची कोटी, म्हणजे स्वतंत्र ओळींची संख्या, १; जितकी कोटी, तितके संदेशाला वेगळे मार्ग. आता तोच सिम्बॉल दुसऱ्या अँटेनावरून आत्ता आणि पहिल्यावरून एक क्षण उशिरा पाठवा. फरक तिरपे बसतात, ओळी स्वतंत्र होतात, कोटी २ होते. चार अवस्थांचा तो कोड नेमका हाच उशीर करतो. एकक ऊर्जेच्या क्यूपीएसकेत शेजारच्या बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग २, म्हणून सारणी आणि तिची संयुग्मी परिवर्त यांच्या गुणाकाराचा निश्चयक किमान ४; तो जितका मोठा, तितके दोन संदेश वेगळे ओळखणं सोपं. एक छोटा हिशोब, पण त्यानंतर कोडिंग कुठे संपतं आणि मॉड्युलेशन कुठे सुरू होतं, हा प्रश्नच मला पडला नाही.

मग व्हिटर्बी डिकोडर लिहिला, म्हणजे मिळालेल्या सिग्नलशी सगळ्यात जास्त जुळणारा संदेश शोधणारा प्रोग्रॅम. प्रत्येक फांदीवर (एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाण्याच्या वाटेवर) मिळालेल्या सिग्नलमधून दोन्ही अँटेनांचा अपेक्षित सिग्नल वजा करून वर्ग घ्यायचा. फ्रेम (एका वेळी पाठवलेला सिम्बॉलांचा संच) १३० सिम्बॉलची, एका फ्रेमपुरता चॅनल, म्हणजे हवेतला मार्ग, स्थिर. इथे एक सांगावंसं वाटतं: फ्रेम लांबवून उपयोग नाही, फ्रेमची संख्या वाढवा, कारण चॅनल फ्रेमगणिक बदलतो. मी प्रत्येक बिंदूला निदान शंभर चुकलेल्या फ्रेम मिळेपर्यंत थांबत असे.

रेषा सुरुवातीला झपाट्यानं उतरायची आणि पुढे तिचा उतार निम्म्यावर यायचा. कोटी २ असताना १० डेसिबलमागे चुका शंभरपटीनं घटायला हव्यात, त्या दहापटीनं घटत होत्या. दोन आठवडे मी फांद्यांचे तक्ते, संयुग्मी, नॉइजची पातळी पुन्हा पुन्हा तपासली. सगळं बरोबर होतं. शेवटी चुकलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये चूक कितव्या सिम्बॉलवर आहे तेच छापून काढलं. एकेक ओळ वाचताना अंगावर काटा आला: १३०, १३०, १३०. जवळजवळ सगळ्या चुका शेवटच्या सिम्बॉलवर.

मी फ्रेम शून्य अवस्थेत आणून बंदच करत नव्हते. शेवटचा सिम्बॉल दुसऱ्या अँटेनावरून जायचा, पण पहिल्यावरून उशिरा जायच्या आधीच फ्रेम संपायची. त्या एका सिम्बॉलला एकच मार्ग, म्हणजे कोटी १. शेवटी ठरलेला एक सिम्बॉल जोडला, १३० मागे एक, आणि रेषा सरळ झाली.

त्याच रात्री आठ आणि सोळा अवस्थांचे कोडही लावले. उतार तोच राहिला, कारण तो कोटीवर ठरतो. रेषा मात्र दर वेळी थोडी डावीकडे सरकत गेली.