'काय'ची 'गाय' होण्याआधी

गणपती उठले की आमच्या नौपाड्यातल्या घरातलं जेवणाचं टेबल नावालाच जेवणाचं उरतं. दिवाळी अंकांची पानं लावणं हा माझा धंदा. यंदा ऐन गर्दीत मशीन धड बंदही पडेना आणि धड चालेनाही. लेखकाने पाठवलेली झिप फाइल एकदा 'खराब आहे' म्हणायची, पाच मिनिटांनी तीच निमूट उघडायची. ब्राउझरचे टॅब बसल्याजागी मरायचे. दोन दिवसांतून एकदा निळा पडदा, त्यावर दर वेळी निराळा मजकूर. मी आधी विंडोजला शिव्या घातल्या, मग हार्ड डिस्कला, मग विजेला.

ऑगस्टमध्ये रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती स्मृती, वाढवली होती, ते डोक्यातच आलं नाही. आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक होत्या, त्यांच्या जोडीला लॅमिंग्टन रोडवरून तशाच आणखी दोन आणल्या. जात डीडीआर४, वेग ३६००. भाच्याने बसवल्या, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवायची सोय, चालू केलं आणि "आता उडेल बघ मावशी" म्हणत पुण्याला निघून गेला. आता फोनवर त्याचं निदान, "एखादी स्टिक बाद असणार. परत देऊन टाक."

परत देण्याआधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला. सकाळी पडद्यावर लाल ओळी. प्रत्येक ओळीत हवा होता तो आकडा आणि सापडला तो आकडा शेजारीशेजारी. प्रूफं वाचून तयार झालेला डोळा, फरक लगेच दिसला : सगळं जसंच्या तसं, एखादाच अंक निराळा. फोडून पाहिला, तर एकच बिट, म्हणजे एकच शून्य किंवा एक, उलटलेला.

एका बिटाने काय होतं? युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक ०९१५, 'ग'चा ०९१७. शेवटचे चार बिट लिहून पाहा, ०१०१ आणि ०१११. एक शून्य उलटलं की 'काय'ची 'गाय' झाली, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही शब्द शुद्ध! घाम फुटला मला.

मग चारही स्टिक काढल्या, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसल्या, आणि एकेक स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात बसवून, बाजूची खिट्टी 'कट्' वाजेपर्यंत दाबून, ३६००वरच तपासली. चारही निर्दोष. जुनी जोडी निर्दोष, नवी जोडीही निर्दोष. चौघी एकत्र आल्या की पुन्हा लाल ओळी.

पाकिटावरचा ३६०० हा आकडा रॅम बनवणाऱ्याचा. सेकंदाला ३६० कोटी वेळा माहिती इकडून तिकडे. पण रॅमशी बोलणारा कंट्रोलर बसलेला असतो प्रोसेसरच्या पोटात, आणि एकाच वाहिनीवर, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, दोन-दोन स्टिक लटकल्या की त्याला तेवढ्या वेगाने नीट ऐकू येत नाही. माझा प्रोसेसर रायझन ५ ३६००. (नावातला ३६०० पाहून मला वाटलं होतं, जोडी जमली. तो नुसता मॉडेल नंबर!) कंपनीने स्वच्छ लिहून ठेवलंय : दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँक (चिपांचा एकच संच असलेल्या) स्टिकना २९३३. त्यापुढे आपल्या जबाबदारीवर.

तरी हाव सुटेना. ३२०० करून पाहिलं. रात्रीची परीक्षा पास. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑक्टोबरच्या उकाड्यात, मशीन चांगलं तापल्यावर पुन्हा लावलं, तर तिसऱ्या फेरीत एक चूक. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा थेंब. तो गळत असतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. तापमान चढलं की गळती वाढते. ठाण्यातल्या पंख्याखालच्या मशीनची परीक्षा दुपारीच घ्यायला हवी, हे मला आधी सुचलं नाही.

२९३३वर दुपारीही चार फेऱ्या स्वच्छ. दोनशे पानांची पीडीएफ आधी चार मिनिटं दहा सेकंदांत निघायची, आता सव्वाचार लागतात. भाचा म्हणतो, "मावशी, रॅमचं व्होल्टेज १.३५चं १.४ कर, ३६०० चालेल." म्हटलं, दिवाळीला ये, अंक छापखान्यात गेल्यावर काय ते कर.

ऑगस्टपासून लावलेली ९२ पानं मात्र मूळ मजकुराशी ओळीनओळ पुन्हा ताडली. तीन चुका सापडल्या. तिन्ही माझ्याच.