आमची वाटचाल : गंगापूर रोडच्या दोन खोल्या

२०११ साली नाशिकच्या गंगापूर रोडला दोन खोल्यांत मेडिकल कोडिंगचं काम सुरू केलं. म्हणजे अमेरिकी डॉक्टरांच्या नोट वाचून आजारांचे कोड टाकायचे, त्यावर तिकडे विम्याचे पैसे मिळतात. मी बीएचएमएस, भागीदार बी.फार्म. आयसीडी-९, म्हणजे आजारांच्या कोडच्या यादीचं जाडजूड पुस्तक दोघांत एकच, कडेला रंगीत टॅब चिकटवलेलं. सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम येत होतं, पगार होत होते.

१ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका आयसीडी-१० या नव्या यादीवर गेली. सुमारे १४ हजार कोडचे ७० हजारांच्या घरात झाले. आमच्याकडे ओहायोतल्या एका कार्डिओलॉजी ग्रुपचे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, यायच्या. मी म्हणत होते, आमच्या कोडर मुलांना पुन्हा बसवून शिकवू. जुन्यात हार्ट अटॅक आठ आठवडे ताजा धरायचो, आता चारच. भागीदार म्हणाला, "मेडिकेअरने, म्हणजे तिकडच्या सरकारी विम्याने, डॉक्टरांच्या क्लेमला वर्षभर सूट दिलीय. कोड फॅमिलीत, म्हणजे त्याच आजाराच्या गटात, बसला की झालं. ट्रेनिंगला पैसे कशाला?" सूट होती, हे खरंच. तेच तर नडलं. हार्ट फेल्युअर दिसलं की आय५०.९, म्हणजे प्रकार न सांगणारा कोड, ठोकायचा, ही सवय वर्षभरात हाडीमासी मुरली. सिस्टोलिक की डायस्टोलिक हा प्रकार डॉक्टर नोटमध्ये लिहीत होते. आमच्याकडे वाचतंय कोण!

१ ऑक्टोबर २०१६ ला सूट संपली. त्याच दिवशी गाइडलाइनही बदलली: बीपी आणि हार्ट फेल्युअर एकाच चार्टमध्ये असेल आणि डॉक्टरांनी संबंध नाकारला नसेल, तर संबंध आहे असंच धरायचं. म्हणजे आधी दोन्हींचा जोडकोड आय११.०, मग आय५० मधला प्रकार. आमची पोरं आय१० (नुसतं बीपी) आणि आय५०.९ सुटे टाकत राहिली. एक चार्ट अजून डोळ्यांसमोर आहे. ७१ वर्षांचे आजोबा, बीपी, हार्ट फेल्युअर आणि किडनी स्टेज ३. तिथे आय११ सुद्धा चालत नाही, तिन्हींचा जोडकोड आय१३.०, मग हार्ट फेल्युअरचा प्रकार, मग किडनीचा, तेव्हा तो एन१८.३ होता. आम्ही तिन्ही सुटे पाठवले होते.

क्लेम परत यायला लागले. दोन महिन्यांचं बिल अडकलं. दिवाळीत भागीदार चार कोडर घेऊन गेला आणि कॅनडा कॉर्नरला काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं. उरलो आम्ही तिघं.

ग्रुपच्या बिलिंग मॅनेजर बाईंनी मात्र काम काढून घेतलं नाही. रोज आमच्या रात्री साडेआठला, म्हणजे त्यांच्या सकाळी दहाला, त्या कॉलवर यायच्या. एकेक चार्ट उघडायचो, चुकलेला कोड मी मोठ्याने वाचायचे. लाज वाटायची. दीडेक महिन्यात ढीग उतरला.

या धंद्यात येऊ बघणाऱ्या मुलांना एवढंच सांगते, कोडच्या पुस्तकातल्या इंडेक्सवरून थेट कोड टाकू नका. टॅब्युलर लिस्ट, म्हणजे कोडची सविस्तर यादी, उघडा, खालची 'एक्सक्लूड्स', म्हणजे हा कोड कुठे चालत नाही ते, वाचा. आणि गाइडलाइनची पानं दर ऑक्टोबरला नवी छापा, स्क्रीनवर डोळा घसरतो.

२०१७ च्या ऑक्टोबरात टाइप २ हार्ट अटॅकला (दुसऱ्या कारणाने हृदयाला ऑक्सिजन कमी पडून येणारा) आय२१.ए१ हा वेगळा कोड मिळाला. त्याच आठवड्यात कॅनडा कॉर्नरहून फोन आला, मूळ कारणाचा कोडही सोबत टाकायचा का म्हणून. मी नीट समजावून सांगितलं. फोन त्याच्या कोडरने केला होता. त्याने स्वतः नाही.