आधी जोडणी, मग पासवर्ड: जुन्या डेस्कटॉपवरील ईमेलच्या दुरुस्तीची नोंद

सोलापूरच्या भवानी पेठेतील मामांच्या डेस्कटॉपवर मागील टप्प्यात विंडोज १० आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम व्यवस्थित चालू करून दिले होते. मामा यंत्रमाग कारखान्यांच्या टॉवेल आणि चादरींच्या ऑर्डरींचा पत्रव्यवहार पाहतात. जुनी पत्रे, रंगांचे नमुने आणि दरपत्रके हाताशी हवीत म्हणून ते मोबाईलपेक्षा संगणकावरच ईमेल वापरणे पसंत करतात. या टप्प्यात तेच ईमेल बंद पडले आणि त्याच्या दुरुस्तीत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, ती इथे सविस्तर मांडतो: संगणक पासवर्ड मागतो म्हणजे पासवर्डच चुकला आहे असे गृहीत धरू नये, आणि जोडणी निर्दोष असल्याची खात्री होईपर्यंत पासवर्डला हात लावू नये.

मामांची तक्रार अशी होती: “अरे, सकाळी हा प्रमाणपत्र चुकीचे आहे म्हणतो आणि दुपारी पासवर्ड विचारतो. पासवर्ड तर मी मोबाईलवरून नवा केला, तरी परत परत तेच.” एकाच यंत्रावर दिवसाच्या दोन वेळी दोन वेगळे संदेश येत असतील, तर दोष एकच आहे असे मानण्यात अर्थ नसतो. म्हणून मी मामांना विनंती केली की, “मामा, आता तुम्ही काहीही बदलू नका, फक्त कोणता संदेश कधी येतो तेवढे वहीत लिहून ठेवा.” त्यांनी लिहिलेल्या त्या पानामुळे अर्धे काम झाले. प्रमाणपत्राचा संदेश नेहमी रात्रभर बंद राहिलेला संगणक पहिल्यांदा सुरू केल्यावरच येत होता.

त्यांच्या घरी रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरील बोर्डाचे मुख्य बटण बंद करण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यातील वळवाचा पाऊस, विजा आणि कमी-जास्त होणारा दाब पाहता सोलापुरात ही सवय अनेक घरांत आहे, आणि ती योग्यही आहे. मात्र संगणकाच्या आत त्याचा एक परिणाम होतो. प्लगमध्ये वीज असेपर्यंत संगणक बंद असला तरी मदरबोर्डावरील घड्याळाला पॉवर सप्लायकडून थोडा विद्युतप्रवाह मिळत राहतो. बोर्डाचे बटण बंद झाले की तो सारा भार सीआर२०३२ या नाण्याच्या आकाराच्या सेलवर येतो. सेल संपला असेल तर घड्याळ बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डावरील मूळ प्रोग्रामच्या, मूळ तारखेवर जाऊन बसते. या यंत्राची मूळ तारीख १ जानेवारी २०१५ होती.

ईमेल सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे तो सर्व्हर खरा असल्याचा डिजिटल दाखला, ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच ग्राह्य असते. ज्या यंत्राला आपण २०१५ मध्ये आहोत असे वाटते, त्याच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र अजून अस्तित्वातच आलेले नसते, त्यामुळे सुरक्षित जोडणी पूर्ण होत नाही आणि पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. इंटरनेट चालू आहे म्हटल्यावर विंडोज घड्याळ स्वतःच दुरुस्त करील अशी आपली अपेक्षा असते, परंतु घरगुती यंत्रांसाठी त्याच्या वेळ-सेवेची मूळ मर्यादा ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तासांची आहे. फरक त्याहून मोठा असला तर ती सेवा तो आपणहून भरून काढत नाही. बँकेचे संकेतस्थळ उघडेना म्हणून मामांचा नातू रोज केव्हातरी तारीख हाताने नीट करत असे, आणि तिथून पुढे थंडरबर्ड पासवर्ड मागू लागत असे. सकाळ-दुपारच्या कोड्याचा हा पहिला भाग.

दुसरा भाग मामांनी बदललेल्या पासवर्डात होता. त्यांचे खाते जीमेलचे आहे आणि थंडरबर्डमध्ये फार पूर्वीपासून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी गूगलने बनवून दिलेला वेगळा पासवर्ड, घातलेला होता. गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की त्या खात्याचे सर्व ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणजे सुरुवातीला ॲप पासवर्ड पूर्णपणे बरोबर होता आणि बिघडले होते ते घड्याळ. त्यावर उपाय म्हणून मुख्य पासवर्ड बदलला गेला आणि एका दोषाचे दोन झाले. त्यानंतर नवा मुख्य पासवर्ड कितीही अचूक भरला तरी उपयोग नव्हता, कारण केवळ नाव आणि मुख्य पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामने आत येण्याची सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलेली आहे. मामांना मी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला: मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर आधी धागा सांधतो, डिझाइन बदलायला घेत नाही. ते त्यांना लगेच पटले.

हे सारे अनुमान होते, ते सिद्ध करणे आवश्यक होते. मी माझा लिनक्स मिंटचा लॅपटॉप त्यांच्याच राऊटरला जोडला. एकाच लाइनवर दुसरे यंत्र लावून पाहण्याइतकी उपयुक्त चाचणी घरच्या दुरुस्तीत दुसरी नाही, कारण दोष यंत्रात आहे की लाइनमध्ये, हे तिने तत्काळ वेगळे होते. आधी सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता मिळतो का, मग ९९३ हे पोर्ट (सर्व्हरवरील येणाऱ्या टपालाचे क्रमांकित दार) उघडते का, मग प्रमाणपत्र तपासणीत उतरते का, असा क्रम मी ठेवतो. विंडोजवर पहिल्या दोन गोष्टी ‘एनएसलुकअप’ आणि पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञांनी कळतात; तिसरीसाठी लिनक्सवर ‘ओपनएसएसएल’ची ‘एस-क्लायंट’ ही आज्ञा वापरली. प्रत्येक ओळीच्या शेवटी आयमॅपला, म्हणजे येणारे टपाल वाचण्याच्या पद्धतीला, अपेक्षित असलेली ओळ संपल्याची दोन्ही चिन्हे जावीत म्हणून तिला ‘सीआरएलएफ’चा पर्याय जोडायला विसरू नये.

जोडणी झाल्यावर पडद्यावर जीमेलच्या सर्व्हरची स्वागताची ओळ उमटली: तारांकन, त्यापुढे ‘ओके’ आणि ‘जीमॅप रेडी’. ही ओळ दिसली की लाइन, राऊटर आणि पोर्ट निर्दोष ठरतात; प्रमाणपत्रासाठी मात्र त्याच आज्ञेच्या उत्तरातील ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ शून्य आहे का ते पाहावे लागते, कारण प्रमाणपत्र नापास झाले तरी ही आज्ञा जोडणी तोडत नाही. आता पुढची ओळ मी लिहायची असते. आयमॅपमध्ये प्रत्येक आज्ञेच्या आधी आपण एक खूण लिहितो, उदाहरणार्थ ‘ए१’, आणि सर्व्हर उत्तर देताना तीच खूण परत करतो. ‘ए१’ लिहून लॉगिनची आज्ञा, पूर्ण ईमेल पत्ता आणि जुना ॲप पासवर्ड दिला. उत्तर आले, ‘ए१ नो’, आणि पुढे चौकटी कंसात प्रमाणीकरण फसल्याची नोंद. या ‘नो’चे मोल फार मोठे आहे. आज्ञेची रचनाच चुकली असती तर ‘बॅड’ आले असते आणि जोडणी अडली असती तर काहीच आले नसते. ‘नो’ म्हणजे सर्व्हरने आपले म्हणणे समजून घेतले आणि ओळख नाकारली. जुना ॲप पासवर्ड रद्द झाल्याचा हा थेट पुरावा होता. या चाचणीत पासवर्ड पडद्यावर उघड दिसतो, त्यामुळे ती करताना शेजारी कोणी नसावे आणि काम होताच ती खिडकी बंद करावी.

प्रत्यक्ष दुरुस्तीची सुरुवात सेलपासून केली. मल्टीमीटरवर जुना सेल २.१ व्होल्ट दाखवत होता. नव्या सेलचा नाममात्र दाब ३ व्होल्ट असतो. नवी पेठेतील घड्याळाच्या दुकानात तो सहज मिळाला. बायोसमध्ये तारीख-वेळ भरली, विंडोजमध्ये भारतीय प्रमाणवेळ निवडलेली असल्याचे पाहिले आणि बोर्डाचे बटण रात्रभर बंद ठेवून सकाळी तारीख टिकते का ते तपासले. ती टिकली.

त्यानंतर थंडरबर्डमधील प्रमाणपत्रांच्या व्यवस्थापनात ‘सर्व्हर्स’ हा भाग मुद्दाम उघडला. प्रमाणपत्राचा संदेश आल्यावर अपवाद मंजूर करण्याचे बटण पुढे येते आणि त्रासलेला माणूस ते दाबून मोकळा होतो. असे केल्याने खोटे प्रमाणपत्रही स्वीकारले जाण्याचा धोका पत्करला जातो, म्हणून माझे ठाम मत असे आहे की मोठ्या सार्वजनिक ईमेल सेवेसाठी हा अपवाद कधीही मंजूर करू नये. मामांनी तो केलेला नव्हता, याचे समाधान वाटले.

नवा ॲप पासवर्ड न बनवता ओऑथ२ ही पद्धत निवडली; तिच्यात पासवर्ड गूगलच्याच खिडकीत भरायचा असतो आणि थंडरबर्डला फक्त संमती मिळते. खात्याच्या सेटिंग्जमध्ये येणाऱ्या टपालासाठी प्रमाणीकरणाची पद्धत बदलली आणि जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरसाठी ती पुन्हा स्वतंत्रपणे बदलली. या दुसऱ्या बदलाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. थंडरबर्ड आयमॅप आणि एसएमटीपी (टपाल पाठवण्याची पद्धत) यांच्या पासवर्डांची नोंद वेगवेगळी ठेवते, म्हणूनच कित्येकदा पत्रे येतात पण जात नाहीत. जतन केलेल्या पासवर्डांच्या यादीतील जीमेलच्या दोन्ही जुन्या नोंदी काढून टाकल्या आणि कुकीज स्वीकारण्याची परवानगी चालू असल्याचे पाहिले, कारण ती बंद असेल तर गूगलची प्रवेश-खिडकी पुढे सरकत नाही. मामांनी नवा मुख्य पासवर्ड स्वतः भरला, मोबाईलवर संमती दिली आणि अडकलेली पत्रे एकामागून एक उतरू लागली. यापुढे त्यांनी मुख्य पासवर्ड बदलला तर थंडरबर्डला पुन्हा संमती द्यावी लागेल, पण तेव्हा समोर गूगलची ओळखीची खिडकी येईल आणि कोणता पासवर्ड भरायचा याचा गोंधळ उरणार नाही.

जाणाऱ्या टपालाचे पोर्ट ५८७ असूनही सुरक्षिततेचा प्रकार मात्र ४६५ला लागणारा निवडलेला होता, तोही सुधारला. ५८७वर संभाषण साध्या स्वरूपात सुरू होऊन स्टार्टटीएलएसने सुरक्षित होते, तर ४६५वर पहिल्या क्षणापासून सारे सुरक्षित असते. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की जोडणी होत नाही: ५८७वर ४६५चा प्रकार निवडला तर सुरक्षित जोडणीची सुरुवातच फसते, आणि ४६५वर स्टार्टटीएलएस निवडले तर दोन्ही बाजू एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत बसतात आणि बराच वेळ थांबून ‘जोडणी कालबाह्य’ असा संदेश येतो. अँटिव्हायरसमधील ईमेल तपासणीमुळेही अशी अडवणूक होऊ शकते. या यंत्रावर ती बंदच होती.

मामा मराठीत टंकलेखन करत असल्याने एक सूचना त्यांच्या वहीत लिहून ठेवली आहे. पासवर्डाच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे कळफलक इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर राहिला आहे हे लक्षात येत नाही. टास्कबारवरील भाषेची खूण आधी पाहावी.

खात्याची १५ जीबी जागा जवळजवळ भरली आहे, असे या कामात दिसून आले. ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असते आणि ती संपली की पासवर्ड व जोडणी दोन्ही बरोबर असूनही नवी पत्रे येत नाहीत. म्हणून पुढील टप्प्यात नमुन्यांच्या छायाचित्रांची जुनी पत्रे थंडरबर्डच्या स्थानिक फोल्डरमध्ये हलवायची, थंडरबर्डची सारी पत्रे व सेटिंग्ज असलेल्या संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती प्रत माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्यानंतरच सर्व्हरवरील जागा रिकामी करायची, असे ठरवले आहे.